वनस्पतींची लोकनोंदणी (कोल्हापूर परिसर)

माळावर, रानात किंवा शेताच्या बांधावर आपसूक उगवलेली वनस्पती दिसल्यावर कोणाही माणसाने छायाचित्र, तारीख आणि ठिकाण यांसह केलेली तिची नोंद म्हणजे लोकनोंद. मोबाइलवरील ॲप कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे तिचे संभाव्य नाव सुचवते आणि जाणकार ते तपासून पक्के करतात किंवा खोडतात. आयनॅचरलिस्ट (सुरुवात २००८), प्लांटनेट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही या कामाची प्रचलित साधने.

कोल्हापूर जिल्हा या कामाला जणू नेमून दिल्यासारखा आहे. पश्चिमेला गगनबावड्यात धो धो पाऊस पडत असतो, तेव्हा पूर्वेला शिरोळात लख्ख ऊन असू शकते. जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात सदाहरित जंगल, जांभ्याचे सडे (सपाट कातळपठारे), कोरडे माळ आणि उसाची काळी राने येतात. राधानगरी अभयारण्याचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत झाला. त्यातच इथे पडताळणीचा आधारही जवळ आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवून जतन केलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ २००२ मध्ये विद्यापीठानेच प्रसिद्ध केला. मोबाइलवरचे नाव ताडून पाहायला असा ग्रंथ आणि असा संग्रह फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आला आहे.

नोंद कशी करावी हे कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या उदाहरणावरून नीट कळते. याचे फूल तळाशी फुगीर असते, वर नळी आणि टोकाला पाच पाकळ्या जुळून झालेली कंदिलासारखी जाळी. नळीत आतल्या दिशेने वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, पण केसांमुळे तिला परत फिरता येत नाही. ते केस सुकले की ती परागपुंज अंगावर घेऊन बाहेर पडते. फुलाचा वरून काढलेला एकच फोटो ओळखीला पुरत नाही. नळी दिसेल असे बाजूने घेतलेले छायाचित्र, पानाच्या दोन्ही बाजू, खोड वेलासारखे वेटाळते की सरळ उभे राहते, आणि भोवतालचा कातळ किंवा गवत, हे सगळे टिपावे लागते. पावसाळी वाऱ्यात फूल स्थिर राहत नाही, म्हणून मागे तळहात धरावा. त्यामुळे कॅमेऱ्याची नजर मागच्या गवतावर घसरतही नाही. शेजारी रुपयाचे नाणे ठेवले की आकाराचा अंदाज येतो. फूल तोडू नये, कंद तर मुळीच उपटू नये.

ॲपमागची यंत्रणा लाखो छायाचित्रांवर शिकलेली असते. ती नव्या चित्रातील आकार, रंग आणि शिरांची रचना शिकलेल्या चित्रांशी जुळवते आणि शक्यतेच्या क्रमाने नावांची यादी पुढे ठेवते. आयनॅचरलिस्टवर ही सोय २०१७ पासून आहे. त्या परिसरात कोणत्या जाती मिळतात याचाही विचार आता तिथे होतो. घाणेरी, रुई, धोतरा, तेरडा अशा सर्वत्र दिसणाऱ्या झाडांना ती सहसा बरोबर ओळखते. ज्या जातीची छायाचित्रे मात्र मुळातच मूठभर आहेत, ती यंत्राने शिकलेलीच नसते आणि मग तिला ते जवळच्या परिचित जातीचे नाव देते. सह्याद्रीबाहेर कुठेही न मिळणाऱ्या वनस्पतींना हा धोका सर्वाधिक, आणि नेमक्या त्यांच्याच नोंदी मोलाच्या. विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या नव्या जातीला छत्रपती शिवाजी महाराजांवरून सेरोपेजिया शिवरायीना हे नाव मिळाले. अशी जात आधी माणसाच्याच नजरेला वेगळी जाणवावी लागते. पठारावरच्या गेंदाच्या, म्हणजे एरिओकॉलॉनच्या, अनेक जाती सूक्ष्मदर्शकाखाली बी पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तिथे ‘गेंदाची कोणती तरी जात’ एवढ्यावर थांबणे हीच प्रामाणिक नोंद होय.

आयनॅचरलिस्टवर किमान दोघांचे आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाले की नोंदीला संशोधनाचा दर्जा मिळतो. नोंद इतरांना वापरू देणारा परवाना नोंदणाऱ्याने दिला असल्यास ती पुढे जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते. यंत्राने सुचवले म्हणून डोळे झाकून ‘सहमत’ दाबणारा माणूस एक चूक दोनदा करतो. एकदा मान्य झालेली चूक पुढे यंत्राच्या शिकवणीतही उतरू शकते.

दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण उघड करणे घातक ठरते, कारण कंद आणि शोभेच्या रोपांसाठी उकराउकर होते. म्हणून संकटग्रस्त जातींचे स्थान आयनॅचरलिस्टवर सुमारे २२ किलोमीटरच्या चौकोनात धूसर केले जाते आणि पन्हाळ्याच्या कड्यावरचे फूल नकाशावर भलत्याच गावाच्या शिवारात दिसते. समाजमाध्यमावर टाकलेल्या फोटोला असे संरक्षण नसते.

लोक जिथे फिरायला जातात तिथे नोंदी दाट होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात मसाई पठारावर सीतेची आसवे आणि सोनकी फुलली की कॅमेऱ्यांची गर्दी होते, पण हातकणंगले-शिरोळच्या उसाच्या सरीतले तण कोणी टिपत नाही. तणनाशकाने पहिल्यांदा नाहीसे होते ते तेच, आणि त्याची जुनी नोंद नसेल तर ते गेल्याचे कळतही नाही.

हीच उणीव दुसऱ्या बाजूने भरता येते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या जैवविविधता समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात गावातल्या जाणत्यांकडून आलेली नावे आणि उपयोग लिहिले जातात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी खुडणाऱ्या बायका पाने कोवळी असतानाच झाड ओळखतात, आणि यंत्र बहुतेकदा फुलाची वाट पाहते. त्यांनी सांगितलेले नाव त्या गावाच्या उल्लेखासह नोंदीत लिहावे, कारण इथला टाकळा विदर्भात तरोटा असतो. रानभाजी खाण्याचा निर्णय मात्र ॲपच्या भरवशावर कधीही घेऊ नये. कुंपणावर चढणाऱ्या कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसतो आणि त्यातले कॉल्चिसिन जीव घेऊ शकते. तिच्या पानाचे टोक लांबत जाऊन तणाव्यासारखे गुंडाळलेले असते. फूल नसतानाही ही खूण दिसते, म्हणून कळलावी नोंदवताना पानाच्या टोकाचा जवळून घेतलेला फोटो जोडावा.