दगडात थांबलेली प्रसूती

समुद्री कासव सगळं आयुष्य पाण्यात काढतं, पण अंडी घालायला मादीला वाळूवर यावंच लागतं. अंड्याच्या कवचातल्या सूक्ष्म छिद्रांतून आतल्या पिल्लाला हवा मिळते. अंडं पाण्यात बुडून राहिलं तर ते पिल्लू गुदमरतं. मग माशासारखं अंग आणि पायांच्या जागी वल्ही असलेला इक्थिओसॉर हा नामशेष समुद्री सरीसृप काय करत असेल? किनाऱ्यावर येणं तर त्याला शक्यच नव्हतं.

या प्राण्याची कवटी 1811 मध्ये इंग्लंडमधल्या लाइम रेजिसच्या कड्यात जोसेफ ॲनिंग या मुलाला सापडली. उरलेला सांगाडा पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीने, मेरीने, शोधून काढला. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती! इक्थिओसॉर डायनासोर नव्हेत. जमिनीवरून पुन्हा समुद्रात गेलेल्या सरीसृपांचा तो वेगळाच वंश.

पुढे जर्मनीतल्या होल्त्समाडेनच्या काळ्या पाषाणात मोठ्या सांगाड्यांच्या पोटात चिमुकले सांगाडे दिसू लागले. आईने पिल्लं गिळली असतील, अशीही शंका निघाली. पण काही माद्यांची पिल्लं चक्क जन्ममार्गातून अर्धी बाहेर आलेली आहेत. म्हणजे इक्थिओसॉर अंडी घालत नव्हते, थेट पिल्लांना जन्म देत होते.

याहून विलक्षण जीवाश्म चीनच्या आन्हुई प्रांतातला. प्रयोगशाळेत एका माशाचा जीवाश्म दगडातून मोकळा करताना त्याच दगडात चाओहुसॉरस या सुरुवातीच्या इक्थिओसॉरची मादी अवचित हाती लागली. सुमारे 24.8 कोटी वर्षांपूर्वीची. एक पिल्लू पोटात, दुसरं बाहेर येताना अडकलेलं, तिसरं बाहेर. बाळंतपणातच ती गेली असावी. 2014 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा संशोधकांचं लक्ष वेधलं ते अडकलेल्या पिल्लाने: त्याचं डोकं आधी बाहेर आलेलं होतं. जमिनीवरच्या प्राण्यांची पिल्लं सहसा अशीच जन्मतात. यावरून त्यांनी अनुमान काढलं, की पिल्लांना जन्म देण्याची रीत समुद्रात घडलीच नाही. जमिनीवरचे पूर्वज ती सोबत घेऊनच पाण्यात उतरले. मला हा तर्क फार मोलाचा वाटतो, कारण किनारा कायमचा सोडण्याची सोय किनाऱ्यावरच झाली होती.

प्लेसिओसॉर या दुसऱ्या नामशेष समुद्री सरीसृपाची तऱ्हा निराळी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका मादीच्या पोटात एकच पिल्लू आहे, तेही भलं मोठं. 2011 मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध करणाऱ्यांना वाटतं, की एकाच पिल्लावर इतकी शक्ती खर्चणारी आई, देवमाशासारखी, जन्मानंतरही त्याला सांभाळत असावी.