दुपारची नर्मदा, दिवेलागणीची वीज

जुलै 2025 मध्ये बातमी आली: देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत निम्मा वाटा आता कोळसा, वायू यांच्याशिवायचा. आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरात लगेच बोलणं सुरू झालं, "चला, अर्धी वीज स्वच्छ झाली!" तसं झालेलं नाही. क्षमता म्हणजे यंत्राची ताकद, वीज म्हणजे त्याने प्रत्यक्ष केलेलं काम. इथल्या गच्चीवरचं 1 किलोवॉटचं सौर पॅनल दिवसाला साधारण 4 युनिट देतं. अहोरात्र पूर्ण ताकदीने चाललं असतं, तर 24 दिली असती. म्हणून प्रत्यक्ष विजेत आजही सर्वांत मोठा वाटा कोळशाचाच आहे.

मग कोळसा सोडणं परवडेल का? रीवाच्या सौर प्रकल्पाला 2017 च्या लिलावात पहिल्या वर्षासाठी युनिटला 2 रुपये 97 पैसे भाव मिळाला. पण तो भाव उन्हातल्या विजेचा. दिवेलागणीला हवी असलेली वीज साठवावी लागते आणि खरा खर्च तिथे आहे. 

बॅटरीपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे काम दुपारीच उरकणं. आपल्याकडे त्यासाठी नर्मदा आहे. 1978 पासून नर्मदेकाठच्या जलूदहून पाणी विंध्याचल चढून इंदूरला येतं. चढ 500 मीटर धरा. 1000 लिटर पाणी तेवढं उचलायला 49 लाख ज्यूल, म्हणजे सुमारे 1.4 युनिट, पंपात आणि नळात वाया जाणारी ऊर्जा धरून दोनच्या आसपास. रोज 500 लिटर वापरणाऱ्या घराच्या नळातून एक युनिट वीज वाहते!

मग सगळं पाणी दुपारच्या सहा तासांत चढवायचं? नाही जमत, आणि का ते मला फार आवडतं. 24 तासांचं पाणी 6 तासांत नेलं, तर पाणी आणणाऱ्या मोठ्या नळातला वेग चौपट होतो. पण नळाच्या भिंतीशी होणारं घर्षण वेगाच्या साधारण वर्गाने वाढतं, म्हणजे सोळापट. आधी घर्षणासाठी 40 मीटर उंचीइतका जोर लागत असेल, तर आता 640 मीटर, म्हणजे डोंगराहून जास्त! दुपारी वेग चतुर्थांशाने वाढवला, तर मात्र तेच 40 मीटर 63 होतात. एवढं सोसतं.

याच पंपांच्या विजेसाठी असलेल्या जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पाकरता इंदूर महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज) काढले. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण कोळशाच्या प्रत्येक युनिटमागे जवळपास किलोभर कार्बन डायऑक्साइड आणि राख येते आणि त्यांची किंमत विजेच्या बिलात दिसत नाही. पण दुपारी जास्त चढलेलं पाणी संध्याकाळपर्यंत ठेवायला टाक्या मोठ्या हव्यात, नाहीतर रात्री पंप पुन्हा कोळशावरच चालतील.