फाइल आहे, पण ती उघडणार कशात? : जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या जतनाची पार्श्वभूमी

नागपुरातील महाल, सीताबर्डी भागांतल्या छापखान्यांतून शिशाचे खिळे (सुटी अक्षरे) हद्दपार होऊन संगणकावरची अक्षरजुळणी रुळली, ती प्रामुख्याने १९९०च्या दशकात. त्या काळातील स्मरणिका, कवितासंग्रह आणि दिवाळी अंक ग्रंथालयांत छापील रूपात सापडतात. त्यांच्या मूळ फाइली मात्र, उरल्याच असतील तर, १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर नागपूरचे उन्हाळे सोसत पडलेल्या असतात. फ्लॉपी वाचता आली तरी अडचण संपत नाही, कारण तो मजकूर ज्या सॉफ्टवेअरमध्ये आणि फाँटमध्ये जुळवला गेला, त्याशिवाय तो निरर्थक रोमन चिन्हांची रांग ठरतो.

याचे मूळ त्या काळच्या तांत्रिक तडजोडीत आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणणारे, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे आले आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतनाचे, म्हणजे कोणत्या अक्षराला संगणकात कोणता अंक द्यायचा याचे, राष्ट्रीय मानक ठरले. छपाईच्या व्यवसायाने मात्र पाने मांडण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी, आकृती यांसारखे फाँटसंच जवळ केले. या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि ते कोणत्या जागी बसवायचे, हे प्रत्येक उत्पादक आपल्यापुरते ठरवी. ऱ्हस्व वेलांटी, जी उच्चारात व्यंजनानंतर येते, तीही खिळ्याप्रमाणे आधी ठेवली जाई. खिळे गेले तरी खिळ्यांची रीत गेली नव्हती! जगातील लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतनात, म्हणजे १९९१च्या युनिकोडमध्ये, देवनागरी होती, पण सर्वसाधारण संगणकावर ती वापरण्याजोगी झाली विंडोज २०००पासून. तोवरचे दशकभराचे लेखन जुन्या संकेतनातच अडकले.

जगात याच सुमारास जतनाची कल्पना आकार घेत होती. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने २०१३ मध्ये जुन्या यंत्रांची नक्कल करणारी प्रणाली थेट ब्राउझरमध्ये आणली आणि २०१५च्या आरंभी डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवरचे दोन हजारांहून अधिक खेळ खुले केले. खेळांना हौशी रसिक मिळतात. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला ते मिळणे कठीण. शिवाय जिस्ट हे संगणकात बसवायचे कार्ड होते, आणि अनेक महागड्या पॅकेजेसना प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचे ‘लॉक’ लागे. म्हणजे नुसती फ्लॉपीची प्रत काढून भागत नाही.

कायद्याचाही पेच आहे. भारतात संगणकप्रणाली कॉपीराइटच्या दृष्टीने साहित्यकृती ठरते. २०१२च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीच संग्रही असण्याच्या अटीवर. फ्लॉपीवरच जन्मलेल्या वस्तूची अशी प्रत आणायची कोठून?

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ पासून शिलालेख आणि नाणी सांभाळली जातात. संगणकयुगातील मराठीसाठी असा संग्रह करायचा, तर फ्लॉपीची प्रतिमा, फाँट, त्याचा संकेततक्ता आणि ऑपरेटरने मॉनिटरशेजारी चिकटवलेला कळफलकाचा कागद, हे सारे एकाच नोंदीखाली ठेवावे लागेल.