मिनिट्रॅक

मिनिट्रॅक : कृत्रिम उपग्रहातील प्रेषकाच्या रेडिओ तरंगांवरून त्याची दिशा जमिनीवरून मोजणारी प्रारंभीची अमेरिकन यंत्रणा. आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षासाठी (जुलै १९५७–डिसेंबर १९५८) आखलेल्या व्हॅनगार्ड या अमेरिकन उपग्रह प्रकल्पाकरिता नौदल संशोधन प्रयोगशाळेत जॉन टी. मेंगेल यांच्या गटाने ती उभारली.

पद्धतीचे मूळ दोन दिशांनी शोधता येते. व्यतिकरणमापनाचे (एकाच उगमाचे तरंग दोन ठिकाणी घेऊन त्यांची तुलना करण्याचे) तत्त्व १९४६ च्या सुमारास सिडनी व केंब्रिज येथे रेडिओ ज्योतिषशास्त्रात वापरात आले होते. तथापि मिनिट्रॅकचा धागा अग्निबाणांच्या मागोव्यासाठी वापरलेल्या अझूसासारख्या यंत्रणांशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते; कारण तेथेही वेगाने सरकणाऱ्या प्रेषकाचाच कलाभेद (दोन ठिकाणी पोहोचलेल्या तरंगांच्या आंदोलन-स्थितींमधील फरक) मोजावा लागे.

उपग्रह १०८ मेगॅहर्ट्‌झवर प्रक्षेपण करी. म्हणजे तरंगलांबी सुमारे २.७८ मी. दूर अंतरावरील दोन अँटेनांपैकी एकीकडे तरंग किंचित उशिरा पोहोचतो व त्या कलाभेदावरून दिशाकोन निघतो. मुख्य जोडीतील अंतर ५०० फूट (सु. १५२ मी.) होते. उपग्रह माथ्यावरून १° ढळला की मार्गांतील फरक सुमारे २.६६ मी. होई, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण तरंग. त्यामुळे मापन सूक्ष्म होई, पण तेच वाचन साधारण प्रत्येक अंशागणिक पुन्हा येई. ही संदिग्धता मोडण्यासाठी कमी अंतराच्या जोड्या लावीत. अंशांकनासाठी (वाचने खऱ्या दिशेशी ताडून पाहण्यासाठी) रात्री केंद्रावरून विमान नेत. त्यावरील प्रेषकाचे वाचन घेत असतानाच त्याच्या लुकलुकत्या दिव्याचे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर छायाचित्र टिपत. संपूर्ण यंत्रणेची विश्वासार्हता या कष्टाळू पडताळणीवर उभी होती.

मेरिलंडमधील ब्लॉसम पॉइंटपासून हॅवाना, कीटो, लिमा व सँटिआगोपर्यंत बहुतेक केंद्रे ७५° पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास होती. विषुववृत्ताशी कमी कल (कोन) असलेल्या कक्षेतील उपग्रहाला ही उत्तर-दक्षिण रांग ओलांडावीच लागे. ऑस्ट्रेलियात वूमेरा व दक्षिण आफ्रिकेतही केंद्रे होती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ सुटला, तो २० व ४० मेगॅहर्ट्‌झवर बोलत. काही केंद्रांना घाईने ४० मेगॅहर्ट्‌झसाठी अँटेना बसवाव्या लागल्या. त्याच सुमारास विल्यम गायर व जॉर्ज वाइफेनबाख यांनी डॉप्लर सरकेवरून (उपग्रहाच्या गतीमुळे त्याच्या कंप्रतेत दिसणाऱ्या बदलावरून) एकाच ठिकाणाहून कक्षा काढली; ट्रान्झिट दिक्चालन प्रणाली त्यातूनच आली.

१७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ चा सौर विद्युत घटांवरील प्रेषक १९६४ पर्यंत चालला. पुढे ध्रुवीय कक्षांसाठी अलास्का, इंग्लंड व न्यूफाउंडलंड येथे केंद्रे वाढली आणि कंप्रता १३६ मेगॅहर्ट्‌झपर्यंत नेण्यात आली.