मोफत सिम्युलेटर-वाहन निर्मिती

संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटरमध्ये वापरता येईल असे विमान, हेलिकॉप्टर, नौका किंवा जमिनीवरचे वाहन घडवून ते सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचा छंद. करणारे याला सरळ ‘ॲड-ऑन बनवणे’ म्हणतात. ॲड-ऑन म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर. वाहनाचा त्रिमितीय आकार, त्यावर चढवलेली चित्रे, आवाज आणि वाहन हवेत व जमिनीवर कसे वागेल हे सांगणाऱ्या मजकुराच्या फाइली त्यात असतात. लोक रूप पाहून विमान उतरवून घेतात, पण ते महिनोन्महिने वापरतात ते त्याच्या वागणुकीमुळे. म्हणून या नोंदीत रंगरूपापेक्षा आकड्यांना अधिक जागा दिली आहे.

खालील विवेचन मुख्यतः फ्लाइटगिअर या सिम्युलेटरला धरून आहे. १९९७ पासून उपलब्ध असलेला हा सिम्युलेटर जीपीएल या, बदल करून पुन्हा वाटण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली फुकट मिळतो आणि त्यातल्या प्रत्येक विमानाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

पहिले वाहन कोणते

बडोद्याचा हरणी विमानतळ सिम्युलेटरमध्ये ‘व्हीएबीओ’ या संकेताने उघडतो. धावपट्टी ०४/२२, लांबी सुमारे २,४७० मीटर, समुद्रसपाटीपासून उंची १२९ फूट. सी-२९५ या वाहतूक विमानाच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन याच शहरात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. भारताने मागवलेल्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधून यायची आणि ४० इथे जोडली जायची, अशी ती योजना आहे. साहजिकच बडोदेकराला पहिल्याच फटक्यात सी-२९५ करावेसे वाटते. ते करू नये. दोन टर्बोप्रॉप इंजिने, सहा पात्यांचे पंखे, पोटात जाणारी चाके आणि शेपटीखालचा रॅम्प यांतली प्रत्येक यंत्रणा स्वतंत्रपणे बिघडते, आणि दोष नेमका कुठे आहे हे नवख्याला उमगत नाही.

पहिला सराव रिक्षाचा करावा. पुढे एक चाक आणि मागे दोन ही तिची बैठक नाकाखाली चाक असलेल्या छोट्या विमानासारखीच असते. फ्लाइटगिअर वापरकर्त्याचे कोणतेही वाहन ‘विमान’ म्हणूनच उघडतो, त्यामुळे फाइलींची मांडणीही तीच राहते. बडोद्याच्या दांडिया बाजारात उभ्या असलेल्या रिक्षावाल्या काकांना विचारून मोजपट्टीने चार मापे घ्यावीत: पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर, मागच्या दोन चाकांच्या मध्यांतले अंतर, टायरचा व्यास आणि टपाची उंची. ही रिक्षा धावपट्टीवर न उसळता उभी राहिली, वळली आणि ब्रेकला थांबली, की विमानाचे निम्मे जमिनीवरचे काम शिकून झाले. त्यानंतर न मिटणाऱ्या चाकांचे, एका इंजिनाचे विमान घ्यावे.

विमानाची मापे ‘टाइप सर्टिफिकेट डेटा शीट’ या सरकारी कागदातून घ्यावीत. ती खुली असतात आणि त्यांत वजनाच्या मर्यादा, गुरुत्वमध्याच्या मर्यादा आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), रडर (शेपटीची उभी झडप), एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप) किती अंश फिरतात हे दिलेले असते. छायाचित्रावरून माप काढायचे झाल्यास ते लांबून, मोठ्या झूमने काढलेले असावे. जवळून काढलेल्या चित्रात नाक फुगते आणि शेपटी आखडते. हवाई दलाच्या तळांवर छायाचित्रणाला मनाई असते, ती पाळावी.

आकार

आकारासाठी ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. एक एकक म्हणजे एक मीटर हे सुरुवातीलाच ठरवावे आणि निर्यात करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे स्केल (लहान-मोठे केल्याचे प्रमाण) ‘अप्लाय’ करून कायमचे लागू करावे. नाहीतर फिरणारे भाग भलत्याच आकाराने उगवतात. पृष्ठभाग बाहेरून अदृश्य आणि आतून दिसू लागला, तर त्याची नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाच्या तोंडाची, दिशा उलटी झाली आहे असे समजावे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक नावाची असते. हालचालीची फाइल भागाला नावाने ओळखते. डावा एलेरॉन करून त्याची प्रत उजवीकडे नेली की ब्लेंडर प्रतीच्या नावामागे ‘.००१’ जोडतो. फाइलीत नाव ‘उजवा-एलेरॉन’ आणि आकारात ‘डावा-एलेरॉन.००१’ असले, की स्टिक हलवल्यावर डावा हलतो आणि उजवा ढिम्म राहतो. मग माणूस गणितात दोष शोधत बसतो. प्रत काढल्याक्षणी नाव बदलण्याची सवय लावावी.

टेक्श्चरची, म्हणजे आकारावर चढवलेल्या चित्राची, लांबी-रुंदी १०२४, २०४८ अशी दोनाच्या घातात ठेवावी. २०४८ गुणिले २०४८ चे एक रंगीत चित्र ग्राफिक्स कार्डात न दाबता ठेवले तर १६ एमबी जागा घेते, ४०९६ चे ६४ एमबी. छोट्या विमानाला अशी सहा चित्रे लावली, तर ते कॉलेजच्या मुलाच्या साध्या लॅपटॉपवर अडखळू लागते.

वजन, तोल आणि चाके

फ्लाइटगिअरमध्ये उड्डाणाचे गणित करणारी दोन मुख्य यंत्रे आहेत. यासिमला विमानाची मापे, उतरण्याचा वेग आणि प्रवासाचा वेग दिला, की उचल व अवरोध तो स्वतः जुळवतो. आकडे एकमेकांशी विसंगत असतील, तर उत्तर जुळत नाही असे सांगून थांबतो. जेएसबीसिममध्ये प्रत्येक गुणांक आपणच द्यायचा असतो. मेहनत जास्त, पण दोष कुठे आहे ते तरी कळते. सुरुवातीचा कच्चा आराखडा एरोमॅटिक या साधनातून काढता येतो. तो तसाच प्रसिद्ध करणे म्हणजे शिवणाची टाचणी न काढता कपडा देणे होय.

अक्षांचा घोळ इथेच होतो. जेएसबीसिमच्या रचनेत पहिला अक्ष शेपटीकडे धन असतो, यासिममध्ये नाकाकडे. यासिम मीटरमध्ये बोलतो. जेएसबीसिमच्या फाइली बहुधा इंचात असतात, पण प्रत्येक मापाला एकक लिहिता येते. ते दर वेळी लिहावेच.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक-चतुर्थांशावर धरून सुरुवात करावी. मागची चाके त्याच्या थोडी मागे हवीत. पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर ६५ इंच आणि मागची चाके गुरुत्वमध्यापासून ८ इंच मागे असतील, तर नाकाच्या चाकावर ८ भागिले ६५, म्हणजे सुमारे १२ टक्के वजन येते. हे योग्य आहे. चाके गुरुत्वमध्याच्या पुढे गेली, तर विमान उघडताच शेपटीवर बसते.

आता स्प्रिंग. विमान २,४०० पौंडांचे आहे असे समजू. मागच्या दोन चाकांवर ८८ टक्के, म्हणजे प्रत्येकी सुमारे १,०५६ पौंड. उभे असताना चाक ०.२ फूट दबावे असे ठरवले, तर स्प्रिंगचा आकडा १,०५६ भागिले ०.२, म्हणजे ५,२८० पौंड प्रति फूट. झोका पूर्ण मारणारे डॅम्पिंग या आकड्यांवरून ८३० च्या आसपास येते. त्याच्या निम्म्याने, म्हणजे ४०० ने, सुरुवात करावी. पुष्कळ जण चाक जमिनीत रुतताना दिसले की स्प्रिंग दहापट करतात. गणित सेकंदाला १२० वेळा, म्हणजे १२० पावलांत, होते. एवढी कडक स्प्रिंग दोन पावलांच्या मध्ये जास्तीचा धक्का साठवू शकते आणि उभे विमान थरथरून हवेत फेकले जाऊ शकते. चाक रुतत असेल, तर आधी चित्रातले चाक आणि गणितातले चाक एकाच उंचीवर आहेत का ते पाहावे.

जडत्व आघूर्ण, म्हणजे वळण्याला विमानाचा होणारा विरोध, रिकाम्या विमानाचे द्यायचे असते. पायलट आणि सामान यांची वजने त्यात वेगळी मिळवली जातात. भरलेल्या विमानाचा आकडा दिला, तर तीच वजने दोनदा मोजली जातात आणि विमान म्हशीसारखे वळते. अंदाजासाठी पाठ्यपुस्तकी रीत अशी: पंखविस्ताराचा वर्ग गुणिले वजन गुणिले ०.२५ चा वर्ग, भागिले चार वेळा गुरुत्वत्वरण. ३६ फूट पंखविस्तार आणि १,५०० पौंड रिकामे वजन धरले, तर कूस बदलण्याचे (नाक ते शेपटी या अक्षाभोवतीचे) आघूर्ण सुमारे ९४३ येते (एकक स्लग-वर्गफूट). ०.२५ हा गुणक एका इंजिनाच्या पंख्याच्या विमानांपुरता आहे.

चाचणी

आधी शांत हवेत, १५ अंश तापमानाला, पुस्तकातले आकडे जुळवावेत: किती वेगाला पंख उचल सोडतो, पूर्ण शक्तीवर मिनिटाला किती फूट चढते, उड्डाणासाठी किती धाव लागते. मग हवामान बडोद्याच्या मे महिन्याचे करावे. ४२ अंशांना हरणीची हवा इतकी विरळ होते, की इंजिन आणि पंखांना आपण सुमारे ३,२०० फुटांवर आहोत असे वाटते. धाव लांबली आणि चढण मंदावली, तर इंजिनाची फाइल नीट आहे. दोन्ही तापमानांना विमान सारखेच उडत असेल, तर शक्ती कुठेतरी ठोकून बसवली आहे. ही परीक्षा पाच मिनिटांची, तरी वगळली जाते, याचे वाईट वाटते.

बांधणीतल्या खोड्या

लेखकाच्या संगणकावर चालणारे विमान दुसऱ्याकडे न चालण्याची कारणे ठरलेली आहेत. विंडोज फाइलीच्या नावातली मोठी-लहान रोमन अक्षरे सारखीच मानतो, लिनक्स मानत नाही. परिणामी तिथे कॉकपिट पांढरेफटक दिसते. सगळी नावे लहान रोमन अक्षरांत, जागा न सोडता ठेवावीत. देवनागरी वाचा-फाइलीच्या (सूचनांच्या ‘रीडमी’ फाइलीच्या) आत हवीच, फाइलीच्या नावात नको. आकाराच्या फाइलीत टेक्श्चरचा पत्ता स्वतःच्या ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर तो छाटावा.

फोल्डरच्या नावाचा घोळ तितकाच जुना. गिटहब या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळावरून झिप उतरवली की फोल्डरच्या नावामागे ‘-मेन’ किंवा ‘-मास्टर’ लागते, आणि आतल्या फाइली मूळ नावाने रस्ता शोधत असल्यामुळे विमान अर्धवट उघडते. वाचा-फाइलीची पहिली ओळ याबद्दलच असावी. झिप स्वतः उतरवून, दुसऱ्याच संगणकावर, रिकाम्या फोल्डरात सोडून पाहिल्याशिवाय ती कोणाला देऊ नये.

इतर सिम्युलेटरांत तत्त्व तेच, खोड्या वेगळ्या. एक्स-प्लेनसोबत प्लेन मेकर येतो आणि तो पंखाचे तुकडे पाडून आकारावरूनच बळे काढतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या सिम्युलेटरमध्ये ॲड-ऑन ‘कम्युनिटी’ फोल्डरात जाते. ‘लेआउट’ यादीत न नोंदवलेली फाइल तिथे असून नसल्यासारखी. त्यांच्या जुन्या एफएसएक्समध्ये रंगसंगतींचे क्रमांक सलग नसतील, तर तुटलेल्या क्रमांकापुढचे रंग दिसत नाहीत.

परवाना आणि वाटप

फुकट मिळणारे विमान आणि मोकळे विमान यांत मोठे अंतर आहे. ‘फ्रीवेअर, बदल करू नये’ असे लिहिलेले विमान लेखकाने छंद सोडला की सिम्युलेटरच्या दोन आवृत्त्यांनंतर मरते, कारण ते दुरुस्त करायचा हक्क कोणालाच नसतो. फ्लाइटगिअरच्या अधिकृत संग्रहात, एफजीॲडऑनमध्ये, जीपीएलखालीच विमाने घेतली जातात. क्रिएटिव्ह कॉमन्स या, कलाकृती वाटण्यासाठीच्या परवान्यांपैकी व्यापारी वापराला मनाई करणारा परवाना त्याच्याशी जुळत नाही, म्हणून तशा परवान्याचा एखादा आवाज किंवा एखादे टेक्श्चर आत राहिले तरी सगळे अडकते. विकत घेतलेल्या विमानाचा आकार काढून घेऊन वाटणे ही तर चोरीच.

म्हणून प्रत्येक चित्र, आवाज आणि आकार कुठून आला, कोणत्या परवान्याखाली आला, हे काम सुरू असतानाच एका फाइलीत लिहीत जावे. वर्षभराने आठवत नाही. झिपमध्ये निर्यात केलेल्या आकारासोबत ब्लेंडरची मूळ फाइल आणि थर न मिटवलेली टेक्श्चर द्यावीत, भले आकारमान तिप्पट होवो. आकड्यांच्या फाइलीत प्रत्येक आकड्याशेजारी तो मोजलेला, कागदातून घेतलेला की अंदाजाने धरलेला, एवढे तीन शब्दांत लिहावे. ‘अंदाज’ असे लिहिलेला आकडा पुढचा माणूस निःशंकपणे बदलतो.