मुलाला गुन्ह्यासाठी कितव्या वर्षापासून जबाबदार धरतात? वयाचा दावा, कागद आणि अर्ज

पोरगं पोलिसांनी नेलं असं कळलं की वकिलाच्या आधी त्याच्या जन्मतारखेचा कागद शोधा. पुढचं जवळपास सगळं त्यावर ठरतं.

७ वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २० तसं सांगतं. १ जुलै २०२४ च्या आधी दंड संहितेत हे कलम ८२ होतं. वय ७ ते १२ असेल, तर आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज त्याला नव्हती असं दिसलं तरच कलम २१ ची सूट मिळते. ती आपोआप मिळत नाही, वकिलाला मुद्दा मांडावा लागतो. त्यापुढे १८ पर्यंत मूल जबाबदार आहे, पण प्रकरण नेहमीच्या कोर्टात नव्हे, तर जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे (एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक) चालतं. १६ पूर्ण झालेल्यावर किमान ७ वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असला, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून (मुलाची क्षमता आणि परिणामांची समज तपासून) खटला प्रौढासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. फाशी मात्र तिथेही देता येत नाही. या सगळ्यात वय धरायचं ते घटनेच्या दिवशीचं, पकडल्याच्या दिवशीचं नव्हे.

कोणता कागद चालतो

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि ती आदेशापासून १५ दिवसांत व्हायला हवी. आधार कार्ड या यादीत नाही. नुसत्या टीसीवरही थांबू नका. २०२३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती पुरेशी मानली नाही. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा जन्मतारखेचा दाखला वेगळा मागून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र हरवलं असेल तर दुसरी प्रत दहावीच्या परीक्षा बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून मिळते. मराठवाड्यात लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूरचं मंडळ, बाकी पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं.

आपल्याकडची अडचण सगळ्यांना माहीत आहे. गुरुजींनी सोयीसाठी अर्ध्या वर्गाची तारीख १ जून टाकलेली असते. कागदावर पोरगं काही महिने आधीच १८ चं होतं आणि शाळेचा दाखला क्रमात वर असल्याने तीच तारीख पुढे येते. म्हणून दुरुस्ती करायची तर मूल शाळेत असतानाच करून घ्यावी. ऊसतोडीला गेलेल्या घरांचा प्रश्न निराळा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बीड जिल्ह्यातलं बाळ कारखान्यावर कोल्हापूर किंवा सांगलीकडे जन्मलं असेल, तर दाखला त्या हद्दीतल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत शोधावा लागतो, गावच्या ग्रामसेवकाकडे तो सापडायचा नाही.

पकडल्यानंतर

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जामीन हा नियम. सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायालाच बाधा येईल असं वाटलं तरच नाकारतात, आणि मग निरीक्षणगृह, म्हणजे लोकांच्या तोंडचं रिमांड होम.

पोलिसांनी कागदात वय १९ लिहून नेहमीच्या कोर्टात उभं केलं, तर त्याच कोर्टात बाल न्याय कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज द्या. त्यात मुलाचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, घटनेची तारीख, त्या दिवशीचं वय आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवण्याची विनंती असावी. सोबत वयाच्या कागदाची साक्षांकित प्रत, आणि मूळ कागद जवळ ठेवा. उशीर झाला म्हणून हा दावा फेटाळता येत नाही; निकाल लागून गेल्यावरही तो करता येतो. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची समिती गाठा. बालकांना ही मदत मोफत आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

मुलाचा फोटो किंवा नाव व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या गावकऱ्यांना याच कायद्याचं कलम ७४ दाखवा: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या आई-बापांना पुढची काळजी असते. प्रकरण निकाली निघालं असेल, तर चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, हेही त्याच कलमात आहे. आणि कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणामुळे मूल अपात्र ठरत नाही. १६ पूर्ण असताना बाल न्यायालयाने प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरवलेल्यांना मात्र कलम २४ चा हा फायदा नाही.