आयर्लंडमधले सरकारी वळू घोडे: जातिवंत नर आणि बिनकागदाची घोडी

आयर्लंडमध्ये शेतकऱ्याच्या घोडीला परवडेल अशा दरात जातिवंत नर मिळावा म्हणून सरकारी पैसा खर्च व्हायला लागला, तो 1880 च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी हे काम जमीनदार करत. घोड्यावरून कोल्ह्याची शिकार करायची हौस असलेला जमीनदार थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, नर बाळगायचा आणि कुळांच्या घोड्याही त्यालाच दाखवल्या जायच्या. 1879 नंतर शेतमालाचे भाव पडले, खंड थकले, कुळांची चळवळ पेटली आणि जमीनदारांचे तबेले एकेक करून रिकामे झाले. गावात उरले ते मिळेल तिथून आणलेले, पायांनी अधू, पण फी कमी म्हणून चालणारे नर. युरोपातल्या सैन्यांचे खरेदीदार जत्रांमधून चांगल्या तरुण घोड्या उचलून नेतात, ही तक्रार तर नेहमीचीच होती.

ही योजना समजून घ्यायची तर आधी तिथल्या घोडीकडे पाहावे लागते. दख्खनमध्ये नांगर आणि गाडी बैलाची, घोडा स्वारीचा. आपल्याकडे सरकारी घोडपैदास खात्याने 1876 नंतर थरोब्रेड, अरबी आणि नॉरफोक ट्रॉटर नर जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवले, पण त्यांच्याकडून हवी होती ती फौजेची घोडी. नांगराचा प्रश्नच नव्हता. आयर्लंडमधल्या मध्यम शेतकऱ्याकडे मात्र एकच घोडी सगळे करायची. नांगर ओढायची, दुधाची गाडी न्यायची, रविवारी घरच्यांना चर्चला पोहोचवायची आणि हिवाळ्यात शिकारीच्या मागे कुंपणेही उडायची. तिच्यावर थरोब्रेड नर लावला की होणारे शिंगरू शिकारी घोडा म्हणून इंग्लंडात विकले जायचे, नाहीतर फौजेत जायचे. अनेक घरांत वर्षाचा खंड या शिंगराच्या पैशावर भागायचा. या घोडीला जात होती, गुण होते, पण कागद नव्हता. तिची वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नव्हती. माझ्या मते पुढच्या पन्नास वर्षांतला बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो.

फिरत्या नराची पद्धत त्या काळी ब्रिटिश बेटांवर सगळीकडे होती. वसंत ऋतू आला की मोतद्दार नराला लगामाने धरून ठरलेल्या वाटेवर निघायचा. सोमवारी हे बाजारगाव, मंगळवारी ते, रात्री ठरलेल्या शेतकऱ्याकडे मुक्काम. नराची वंशावळ आणि फी छापलेले पत्रक आधीच दुकानात आणि खानावळीत लागलेले असायचे. घोडी साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते. म्हणून तोच नर पुन्हा त्याच वाटेने यावा लागे, घोडी गाभण राहिली नसेल तर तेव्हा कळे. ऐन नांगरणीच्या दिवसांत घोडीला दोन दिवसांच्या वाटेवर नेणे छोट्या शेतकऱ्याला शक्य नव्हते, नर दाराशी यावा हेच सोयीचे. त्यामुळे दाराशी जो नर येईल त्याचेच शिंगरू, आणि तो कोणता असावा हे ठरवणाऱ्याच्या हाती सगळ्या जिल्ह्याची पैदास जायची.

1891 च्या जमीन खरेदी कायद्याने पश्चिमेकडच्या गरीब, दाट वस्तीच्या जिल्ह्यांसाठी एक मंडळ नेमले. रस्ते, मासेमारी, कुक्कुटपालन अशा कामांबरोबरच त्याने घोड्यांचाही प्रश्न हाती घेतला. पश्चिमेला, विशेषतः कॉनेमारात, घोडे लहान चणीचे, खडकाळ रानात वाढलेले. पाठीवर दोन बाजूंना टोपल्या लटकवून समुद्रकाठचे शेवाळ आणि जळणाची पीट वाहणारे. मंडळाचे म्हणणे असे की आपापसांतल्या पैदाशीने ही तट्टे खुजी होत चालली आहेत आणि त्यांच्या शिंगरांना बाजारात भाव नाही. उपाय म्हणून 1892 पासून मंडळाने पश्चिमेत नर पाठवले. त्यात थरोब्रेड होते, अरब आणि उत्तर आफ्रिकेतले बार्ब होते, पण भर होता हॅकनीवर. हॅकनी म्हणजे इंग्लंडमधल्या नॉरफोक आणि यॉर्कशायरकडचा, पाय उंच उचलून दुडकी चालणारा बग्गीचा घोडा. त्याची वंशनोंद 1883 मध्ये सुरू झाली होती. कागद चोख, रूप देखणे, शहरांत मागणी मोठी.

या एका निर्णयावर जेवढा वाद झाला तेवढा आयर्लंडमधल्या घोड्यांबाबत क्वचितच झाला असेल. विरोधकांचा मुद्दा पश्चिमेपुरता नव्हताच. कॉनेमारातले शिंगरू कॉनेमारात थांबत नाही. ते बॅलिनास्लोच्या जत्रेत विकले जाते, पूर्वेकडच्या शेतकऱ्याच्या कुरणावर वाढते, आणि मादी असेल तर उद्या तिथली पैदाशीची घोडी होते. म्हणजे मेयो आणि गॉलवेमध्ये लावलेला हॅकनी वीस वर्षांनी मीथ आणि किल्डेअरच्या शिकारी घोड्यांच्या रक्तात सापडणार. हॅकनीची चाल वर जाते, पुढे जात नाही. दिवसभर भरधाव पळून कुंपणे उडायला लागणारा दम त्याच्यात नाही, आणि वेळ आली की हाच दोष फौजेच्या घोड्यात दिसेल, असे शिकारवाले आणि लष्करातली मंडळी सांगत होती. आयरिश शिकारी घोड्याचे नाव ज्या पैदाशीवर उभे होते तिला धक्का लागला तर नुकसान साऱ्या देशाचे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

मंडळाची बाजूही पोकळ नव्हती. चार एकर खडक आणि एक तट्टू असलेल्या माणसाला शिकारी घोड्याच्या नावलौकिकाचे काय? त्याला गाडी ओढणारे शांत जनावर हवे आणि शिंगरू लहान असतानाच विकून चार पैसे हवेत. हॅकनीची शिंगरे लवकर विकली जातात, असे मंडळाचे लोक ठामपणे सांगत. विरोध करणाऱ्यांत शिकारीचे शौकीन, श्रीमंत पैदासकार बरेच होते, आणि गरिबांच्या घोडीने आपली हौस सांभाळावी अशी त्यांची अपेक्षा आहे, असा आरोप झाला. त्यात तथ्य होते. 1896 मध्ये घोडपैदाशीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे साक्षी झाल्या त्याही अशाच दोन्ही टोकांच्या. हॅकनीवरचा भर पुढे ओसरत गेला.

या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी बोलले जात होते ते नराबद्दल. हॅकनी की थरोब्रेड, कोणाची वंशावळ बरी, कोणाचे पाय निर्दोष. घोडीकडे कसून पाहणारा माणूस आला तो 1900 च्या सुमारास, स्कॉटलंडमधून. प्राणिशास्त्राच्या या प्राध्यापकाने कॉनेमाराच्या तट्टांवर अहवाल लिहिला. हे तट्टू काटक आहे, अर्धपोटी जगते, आकाराच्या मानाने अचाट ओझे वाहते आणि आनुवंशिक दोषांपासून मुक्त आहे, असे त्याचे निरीक्षण होते. सुधारणा करायची तर आधी तट्टातलेच चांगले नर निवडा, या मार्गाकडे पुढच्या लोकांचे लक्ष वळले. 1923 मध्ये कॉनेमारातल्या पैदासकारांनी संस्था काढली, निवडक नर शेतकऱ्यांकडे सांभाळायला दिले, आणि 1926 मध्ये पहिली वंशनोंद छापली.

दरम्यान 1899 च्या कायद्याने सगळ्या आयर्लंडसाठी शेतकी खाते आले आणि घोड्यांची योजना त्याच्याकडे गेली. खात्याची पद्धत जास्त शिस्तीची होती. पशुवैद्याने तपासलेल्या निर्दोष नरांचेच नाव यादीत. जिल्हा समित्या प्रदर्शन भरवून छोट्या शेतकऱ्यांच्या घोड्या निवडत, आणि निवडलेल्या घोडीला यादीतला नर सवलतीत लावून मिळे. नर विकत घ्यायला कर्जही मिळे. यादीत थरोब्रेड होते, आणि ओढकामासाठी क्लाइड्सडेल व शायर या जड जातींचे नर होते. उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये क्लाइड्सडेल आधीच रुजलेला होता, जड जमिनीत आणि शहरातल्या मालगाडीला तो शोभलाही. पण जिथे एकाच घोडीला नांगरही ओढायचा होता आणि कुंपणही उडायचे होते, तिथे या जड नरांनी नुकसान केले असे जुने पैदासकार सांगत राहिले. पायांवर केसांचे झुपके आले, गुडघ्याखालची नळी अरुंद झाली, चाल जड झाली. जड नराच्या मुलीवर थरोब्रेड लावला की शिकारी घोडा हवा तसा उतरत नाही, ही त्यांची तक्रार.

मग गावठी ओढघोड्याचा नर का नाही? कारण त्याला वंशावळ नव्हती, आणि योजनेत जातिवंत म्हणजे कागद असलेला. ही अडचण हळूहळू सुटली. शतकाच्या पहिल्या दशकात खात्याने आयरिश ओढजातीच्या चांगल्या नरांना अनुदान द्यायला सुरुवात केली. नंतर तपासण्या झाल्या आणि 1917 मध्ये आयरिश ड्राफ्टची, म्हणजे याच ओढजातीची, वंशनोंद उघडली. पहिल्या नोंदीत 375 घोड्या आणि 44 नर होते. पण तोवर महायुद्धाने चांगली जनावरे ओढून नेली होती. वीस वर्षे आधी ही नोंद उघडली असती तर निवडीला कितीतरी मोठे पीक हाती असते, असे मला ठामपणे वाटते.

आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतर 1934 च्या कायद्याने नरांच्या परवान्याची पद्धत चालू राहिली. थरोब्रेडच्या बाजूने मोठी भर पडली ती किल्डेअरमधल्या टली इथल्या घोडपैदास केंद्राची. एका खासगी मालकाने ते 1915 मध्ये ब्रिटिश सरकारला दिले होते, 1943 मध्ये ते आयरिश सरकारकडे आले. छोट्या पैदासकाराला चांगला नर आटोक्यातल्या फीत मिळावा, हा त्याचा जाहीर हेतू.

ओढघोड्यांचे मात्र ट्रॅक्टरने कंबरडे मोडले. 1950 आणि 60 च्या दशकांत आयर्लंडमधून हजारो कामाचे घोडे मांसासाठी युरोपात गेले, त्यांत पैदाशीच्या उत्तम घोड्याही गेल्या. 1970 च्या कायद्याने घोड्यांसाठी स्वतंत्र मंडळ आले, 1976 मध्ये आयरिश ड्राफ्टच्या पैदासकारांची संस्था उभी राहिली, आणि जात कशीबशी तगली. तिच्यावर थरोब्रेड लावून झालेला आयरिश स्पोर्ट हॉर्स चाल, रानातली दौड आणि उडी अशा तीनदिवसीय स्पर्धांमध्ये जगात वरच्या क्रमांकांवर राहिला आहे.

आजचा वाद उडीच्या स्पर्धांसाठी पैदास केलेल्या जर्मन, डच आणि फ्रेंच नरांचा आहे. गेल्या तीन-चार दशकांत त्यांचे रक्त आयरिश घोड्यांत एवढे मिसळले, की ते नसलेल्या जनावरांना 'पारंपरिक' असे वेगळे लेबल लावावे लागते. थरोब्रेडला आजही प्रत्यक्ष नरच लावावा लागतो, कृत्रिम रेतनाचे शिंगरू शर्यतीच्या वंशनोंदीत चालत नाही. बाकीच्यांचे वीर्य डब्यातून येते, मोतद्दाराची वाट संपली. आयरिश ड्राफ्टमध्ये नरांच्या वंशरेषा थोड्याच उरल्यामुळे नात्यातली पैदास टाळणे ही मोठी चिंता आहे, आणि तपासणी करून वर्ग देण्याची पद्धत तिथे नराइतकीच घोडीलाही लागू आहे.